चौकशी

माझ्या ताईचे लग्न १९९८ साली ठरले ते एका स्कूटरच्या प्लगवर, असे मी म्हटले तर आमच्या घरातले कुणीही ते खोडून काढणार नाही. स्थळ गॅरेजवाल्याचे होते. वडिलांची सारी हयात सरकारी कचेरीत गेलेली, घरात पुस्तकांची दोन कपाटे, आणि जावई कोण, तर हाताला ग्रीस लागलेला! घरात थोडी कुजबुज झाली. पत्रिका जुळत होती. मुलगा निर्व्यसनी आहे, स्वभावाने गाय आहे, असे मध्यस्थ गळ्याला हात लावून सांगत होते. पण गायीच्या स्वभावाची माणसे वडिलांनी कचेरीत पुष्कळ पाहिली होती. एका शनिवारी सकाळी त्यांनी आमची बजाज चेतक बाहेर काढली, गॅरेजच्या अलीकडे शंभर पावलांवर ती मुद्दाम बंद केली, आणि उरलेले अंतर ढकलत, धापा टाकीत ते गॅरेजच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलाने त्यांना तोवर पाहिलेले नव्हते.

“मधेच बंद पडते हो,” वडील म्हणाले. त्यांनी आयुष्यात मारलेली ही बहुधा एकुलती एक थाप.

त्या मुलाने प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, परत बसवला, एका किकमध्ये गाडी सुरू करून दिली आणि सांगितले, “काका, गाडीला काही झालेलं नाही. प्लग जरा काळा पडला होता. पैसे राहू द्या.” वडील लगेच निघाले नाहीत. बाकावर दोन गिऱ्हाइके बसली होती, त्यांच्याशी त्यांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या आणि हळूच गॅरेजवाल्यावर आणल्या. तेवढ्यात चहा आला. तोही त्यांनी नीट पाहिला. घरी येऊन चपला काढता काढता त्यांनी निकाल सांगितला: “गिऱ्हाइकाला फसवत नाही. आणि चहा आला की पहिला ग्लास हाताखालच्या पोऱ्याला देतो. पोर सुखात राहील.”

पोर सुखात राहिली. वडील आता नाहीत, ती चेतकही नाही. पण त्या निकालातले दुसरे वाक्य गेल्या वर्षी आमच्या घरात पुन्हा निघाले, आणि ते ज्या रीतीने निघाले त्याचीच ही हकीकत आहे.

तसे पाहिले तर चौकशी ही आपल्याकडची फार जुनी विद्या. मुलगी द्यायची तर मुलाला कुणी विचारत नाही. त्याच्या दूधवाल्याला विचारतात, वाण्याला विचारतात, समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींना विचारतात. माणूस स्वतःबद्दल सांगतो ती जाहिरात, आणि दुसरा त्याच्याबद्दल सांगतो ती माहिती, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. आता ही समोरच्या बिऱ्हाडातली आजी प्रत्येकाच्या खिशात आली आहे. इडली खायची तरी आपण आधी फोनवर पाहतो, लोक काय म्हणतात. मीही पाहतो. एकदा तर मी न्हाव्याचे अभिप्राय वाचत इतका वेळ बसलो, की तेवढ्यात त्याचे दुकान बंद झाले. गिऱ्हाईक दुकानदाराची चौकशी करते हे म्हणूनच मला नवे नव्हते. नोकरी शोधणारा कारागीरही तेच अभिप्राय वाचतो, आणि आपल्यापेक्षा अगदी निराळ्या डोळ्यांनी वाचतो, हे मात्र मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळले.

भावोजींचे गॅरेज कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत आहे. त्या गॅरेजचा प्राण म्हणजे उस्ताद. त्यांचे खरे नाव गल्लीत कुणाला माहीत असेल असे वाटत नाही. बावीस वर्षे ते तिथे आहेत. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच आवाजावरून ते सांगतात, टॅपेट वाजतोय की चेन सैल आहे. गेल्या वर्षी त्यांनी सांगितले, डोळे साथ देत नाहीत, आता सोलापूरकडे गावी जाईन म्हणतो. भावोजींच्या पायाखालची फरशीच सरकली. उस्तादांच्या जागी माणूस मिळणे आधीच कठीण, त्यात १ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहाचे नियम आले. दुचाकीतला कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल किती सोडायचे ते सेन्सर आणि संगणक मिळून ठरवू लागले. पूर्वी कानाने ओळखायचा दोष आता स्कॅनर लावून वाचावा लागतो. म्हणजे हात हवा आणि स्कॅनरही कळायला हवा, असा मेकॅनिक पाहिजे. तसा मेकॅनिक असतो. पण तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो, नाहीतर स्वतःचे दुकान थाटतो. उरलेली पोरे पाठीवर पेटी अडकवून घरोघर जेवणाचे डबे पोचवतात आणि संध्याकाळी हात स्वच्छ घेऊन घरी जातात. त्यांना नावे तरी कशी ठेवावी?

भावोजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “तुम्ही मराठीचे प्राध्यापक. एक झकास जाहिरात लिहून द्या.”

घरातल्या कुणी माझ्या विद्येचा उपयोग करून घेण्याची ही पहिलीच वेळ. मी दोन रात्री जागलो. त्या जाहिरातीचा मजकूर मला अजून पाठ आहे: ‘अनुभवसंपन्न व कार्यकुशल दुचाकी-तंत्रज्ञ पाहिजे. यंत्राचे हृदयस्पंदन ज्याच्या बोटांना कळते, श्रमाला जो साधना मानतो, अशा निपुण कारागिराचे आमच्या परिवारात स्वागत असो.’ ही जाहिरात वर्तमानपत्रात आली, औंधच्या आय. टी. आय.जवळच्या चहाच्या टपरीवर चिकटवली गेली. आठ दिवसांत एक फोन आला. तो एका निवृत्त शिक्षकांचा होता. ‘निपुण’मधला उकार ऱ्हस्व छापलेला पाहून त्यांना फार बरे वाटले होते.

माझी भाची त्या वेळी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने जाहिरात वाचली आणि विचारले, “मामा, यात पगार कुठाय?” मी म्हटले, पगार नंतर बोलता येतो. ती म्हणाली, “आणि ‘आमचा परिवार’ असं ज्या जाहिरातीत असतं ना, तिथे जास्त काम आणि कमी पैसे असतात. आमच्या वर्गातल्या पोरांनासुद्धा हे कळतं.” मला हे त्या वेळी लागले. पण तिचे खरे होते. मोठ्या कंपन्यांत नोकरीला जाणारे आता आधी आतल्या माणसांचे बोल वाचतात. अमेरिकेत ग्लासडोअर २००८ साली सुरू झाले, आपल्याकडे अँबिशनबॉक्स आहे. तिथे नोकरच मालकाला गुण देतात. पण गल्लीतल्या गॅरेजबद्दल तिथे कोण लिहिणार? गॅरेजबद्दल लिहितात ती गिऱ्हाइके, गूगलच्या नकाशावर. तेव्हा मेकॅनिकला मालकाची चौकशी करायची तर त्याने दुसरे काय वाचावे?

याचा पुरावा लवकरच मिळाला. नाना पेठेतल्या ज्या दुकानातून भावोजी सुटे भाग आणतात, त्या दुकानदाराने एका हुशार मेकॅनिकला निरोप दिला होता. तो फोनवर गोड बोलला, सोमवारी येतो म्हणाला. सोमवार गेला, मंगळवार गेला. भावोजींनी पुन्हा फोन केला तेव्हा तो म्हणाला, “साहेब, राग मानू नका. मी येत नाही. तुमचं गूगलवरचं वाचलं. तुम्ही पोऱ्याला बोलता म्हणे.”

त्या संध्याकाळी आम्ही सगळे ताईच्या स्वयंपाकघरात जमलो होतो. भाचीने फोन काढला. गॅरेजबद्दल दोनशेच्या वर अभिप्राय होते आणि भावोजींना त्यांतले पहिले पाच तेवढे माहीत होते. गूगलवर सर्वांत कमी तारे आधी अशीही मांडणी करता येते. तशी ती केल्याबरोबर दोन वर्षांपूर्वीचा तो मजकूर वर आला. दोन तारे. ‘काम चांगले झाले. पण मालक हाताखालच्या मुलाला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलत होता. मुलगा मान खाली घालून पाना पुसत होता. बघवले नाही. पुन्हा जाणार नाही.’

कुणी काही बोलेना. अशा वेळी प्राध्यापकाला गप्प बसवत नाही. मी म्हटले, गिऱ्हाइकाची तक्रार ही काही आजची गोष्ट नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक पाटी आहे, इसवी सनापूर्वी सुमारे १७५० सालची, उर नावाच्या प्राचीन शहरातली. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने इआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला तीवर खडसावले आहे, की तांबे वाईट दिलेस. आणि गंमत अशी, की नन्नी नुसते तांब्यावरच थांबत नाही. माझ्या निरोप्याला तू तुच्छतेने वागवलेस, हेही त्याने कोरून ठेवले आहे. म्हणजे पावणेचार हजार वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक मालाबरोबर...

“बाबांनी हे वाचलं असतं,” ताई पोळी लाटता लाटता म्हणाली, “तर मी आज या घरात नसते.”

भावोजी उठून बाहेर गेले.

मला इथे माझेही एक सांगायला हवे. आमच्या महाविद्यालयात वर्षअखेर विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे अर्ज भरून घेतात. नॅकची समिती येते तेव्हा ते बासन सोडून दाखवावे लागते, एरवी ते कपाटात असते. तीन वर्षांपूर्वी त्यांतल्या एका अर्जावर, नाव न घालता, कुणी लिहिले होते: ‘सर शिकवतात छान. पण ज्याला उत्तर येत नाही त्याच्यावर विनोद करतात. वर्ग हसतो.’ मी तो अर्ज वाचला, ‘विनोद’ची वेलांटी दीर्घ लिहिली होती तेवढी मनातल्या मनात दुरुस्त केली आणि गठ्ठ्यात परत ठेवला. त्या संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात मला तो अर्ज आठवला. मालक पोऱ्याला बोलतो तेव्हा निदान वर्ग तरी हसत नाही.

भावोजी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले ते एक तोडगा घेऊनच. तो अभिप्राय काढून टाकता येतो का याची त्यांनी चौकशी केली होती. गूगलकडे तक्रार करता येते. पण मजकूर नियमबाह्य असेल तरच तो काढतात, नुसता झोंबतो म्हणून काढत नाहीत. “काढता येत नाही, पण गाडता येतो,” ते म्हणाले. “वीस चांगले लिहा. तुम्हाला काय अवघड? निरनिराळ्या माणसांच्या नावानं.”

मी नाही म्हणायला हवे होते. मी म्हटलेही, पण मनातल्या मनात लेखणी सरसावली होती. वीस निरनिराळी माणसे, वीस निरनिराळ्या बोली! मी त्या रात्री चार लिहिले. एक निवृत्त कर्नल, एक कॉलेजकन्या, एक गृहिणी, एक वारकरी. वारकरी तर इतका साधला होता, की त्याची दुचाकी बिघडली होती हे मला खरेच वाटू लागले. भाचीने चारही वाचले. “मामा,” ती म्हणाली, “कॉलेजातली मुलगी ‘सबब’ लिहील का? आणि चौघांच्याही मजकुरात अर्धविराम आहेत.”

मग तिने मला बसवून समजावून सांगितले. मालकाने, त्याच्या नातलगांनी किंवा नोकरांनी स्वतःच्याच धंद्याचे अभिप्राय लिहायचे नाहीत, सवलत देऊनही लिहून घ्यायचे नाहीत, हा गूगलचा नियम आहे. आपल्या भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय. एस. १९००० हे मानक काढले, त्यातही विकतचे आणि पगारी माणसांकडून लिहवून घेतलेले अभिप्राय बाद आहेत. अमेरिकेत तर २०२४ साली व्यापार आयोगाने खोट्या अभिप्रायांना दंड लावणारा नियमच केला. “आणि नियम नसते तरी,” ती म्हणाली, “आपल्याला गिऱ्हाईक नकोय, मेकॅनिक हवाय. जो माणूस आवाजावरून टॅपेट ओळखतो, त्याला तुझा कर्नल ओळखता येणार नाही?”

मी चारही कागद फाडले. वारकऱ्याचे वाईट वाटले.

त्यानंतर भाचीने जे केले ते मी वर्गात कधी शिकवलेले नाही, पण यापुढे शिकवीन म्हणतो. तिने दोनशेच्या वर अभिप्राय बसून वाचले, ते गिऱ्हाईक म्हणून नव्हे, तर मेकॅनिक म्हणून. ‘छान सेवा, पाच तारे’ अशांवर तिने सरळ काट मारली. कामगाराला त्यातून काय कळणार? आणि ज्यांत गिऱ्हाईक रागावलेले होते त्यांपैकी काही तिने मोठ्या प्रेमाने उतरवून घेतले. एकाने तीन तारे देऊन लिहिले होते: ‘सातला पाच मिनिटे असताना पोचलो तर शटर खाली. म्हणाले मुलांची सुट्टी झाली, उद्या या.’ दुसऱ्याचे गाऱ्हाणे असे, की तासाभरात गाडी द्या म्हटले, जादा पैसे देतो म्हटले, तर मालक म्हणाला, उस्ताद चार तास सांगतात म्हणजे चार तास. तिसरा गुरुवारी गॅरेज बंद असते म्हणून चिडला होता. भावोजी इतकी वर्षे या तिघांवर दात खाऊन होते. पण मेकॅनिकच्या बाजूने ते वाचून पाहा! सातला घरी जायला मिळते, आठवड्याची सुट्टी खरोखरच मिळते, आणि कामाला किती वेळ लागेल ते गिऱ्हाईक ठरवत नाही, मालकही ठरवत नाही, ज्याच्या हातात पाना आहे तो ठरवतो. याहून चांगली जाहिरात कोणता प्राध्यापक लिहील?

आणि मग उस्तादांबद्दलचे. ‘उस्तादांनी बदललेला जुना पार्ट हातात आणून दाखवला आणि तो का गेला ते समजावले.’ ‘मालक म्हणाले, मला विचारू नका, उस्तादांना विचारा.’ रात्रपाळीहून परतणाऱ्या एका परिचारिकेने लिहिले होते, की भर पावसात गाडी बंद पडली तेव्हा उस्ताद छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत आले. असे एकतीस अभिप्राय निघाले, ज्यांत गॅरेजच्या नावाआधी उस्तादांचे नाव होते. भाचीने एका दुपारी गॅरेजात जाऊन ते त्यांना वाचून दाखवले. उस्तादांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. ते टायरवर बसून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि घालायचे विसरले. सगळे ऐकून झाल्यावर म्हणाले, “हे सगळं लिहून ठेवलंय? कुठं? मग मला कुणी बोललं नाही.”

बावीस वर्षांत कुणी बोलले नव्हते. भावोजी शेजारीच उभे होते.

दोन ताऱ्यांच्या त्या अभिप्रायाला उत्तर द्यायचे भावोजींनी त्याच रात्री ठरवले. मालकाला अभिप्रायाखाली उत्तर लिहिता येते, ते सर्वांना दिसते, आणि दोन वर्षे ती जागा मोकळी पडली होती. मी मसुदा करून देऊ का म्हणून विचारले. ‘प्रस्तुत प्रसंगी माझ्याकडून अनवधानाने’ इथपर्यंत माझ्या मनात तयारही झाले होते. भावोजी नको म्हणाले. जाड बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यांनी अर्ध्या तासात तीन ओळी लिहिल्या. ‘त्या दिवशी मी मुलाला बोललो ते चुकल. घाई गिऱ्हाइकाची होती पण राग माझा होता. त्याला फोन करून सांगतो.’ ‘चुकल’वर अनुस्वार नव्हता. माझे बोट सवयीने पुढे झाले. ताईने ते धरून खाली ठेवले.

फोनही त्यांनी केला. तो मुलगा आता चाकणला एका कारखान्यात आहे. त्याने भावोजींना अवघडू दिले नाही. “मी कवाच विसरलो ओ, शेठ,” म्हणाला. मग थोडे थांबून त्याने विचारले, “पण ते गिऱ्हाईक कोण होतं? त्यानं बघितलं होय?” आम्हा कुणालाच ते माहीत नव्हते. अभिप्रायावर नावाचे एकच अक्षर होते.

नवी जाहिरात भाचीने लिहिली. माझ्याकडे शुद्धलेखन तेवढे आले. वर, काय काम येणे जरूर आहे ते एका ओळीत. त्याखाली पगाराचा आकडा. तो ताईने ठरवला, भावोजींनी ठरवला असता तर दीड हजाराने कमी असता. मग गिऱ्हाइकांची चार वाक्ये, जशीच्या तशी. ज्यांची होती त्यांना शोधून, त्यांची परवानगी घेऊन. एकजण सापडले नाहीत तेव्हा त्यांचे वाक्य गाळले. त्या चारांत शटर खाली असल्याची तक्रारही होती. शेवटी तो काळा-पांढरा चौकोन, ज्यावर फोन धरला की सगळे अभिप्राय उघडतात, आणि त्याखाली एक ओळ: ‘वाईटही वाचून या.’ ही ओळ ठेवावी की नाही यावर घरात दोन दिवस खल झाला. मी विरुद्ध होतो.

पंधरा दिवसांत सात जण आले. त्यांतले तिघे कामाचे होते, आणि त्या तिघांत एक असा होता, की त्याला दुसऱ्या एका ठिकाणी याहून जास्त पगार मिळत होता. सव्वीस वर्षांचा, आय. टी. आय. झालेला, शोरूममध्ये चार वर्षे काढलेला. मी त्या दिवशी मुद्दाम गॅरेजात जाऊन बसलो होतो. त्याने पहिला प्रश्न पगाराचा विचारला नाही, विचारले, “उस्ताद अजून किती दिवस आहेत?” दिवाळीपर्यंत, असे कळल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला. स्कॅनरचे त्याला सगळे येत होते, पण कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना शोरूममध्ये कधी हात लावायला मिळाला नव्हता, आणि पुण्यात त्या अजून रस्तोरस्ती आहेत. ते त्याला उस्तादांकडून घ्यायचे होते. आणि संध्याकाळी सातनंतर त्याला लहान मुलीला घेऊन बसायचे असते, बायको त्या वेळी दुकानात कामाला जाते, हेही त्याने सांगून टाकले.

मी त्याला विचारले, “इतके सगळे अभिप्राय होते, चार पूर्णांक पाच-सहा असे काहीतरी तारे होते. तू नेमके काय पाहिलेस?”

“तारे कोण बघतं, सर,” तो म्हणाला. “तारे भाचे-पुतणे पण देतात. मी शिव्या बघतो. आणि शिव्यांवर मालक काय बोलतो ते.”

भाचे-पुतणे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले असे मला वाटले. पण तो माझ्या मनाचा खेळ असेल.

उस्ताद दिवाळीला जायचे ते संक्रांतीपर्यंत थांबले. दोघे एकाच गाडीवर वाकलेले दिसत. एकाचा कान इंजिनाशी, दुसऱ्याचा डोळा स्कॅनरच्या पडद्यावर, आणि कुणाचे निदान आधी यावर चहाची पैज. भावोजींचा आवाज अजून चढतो, नाही असे नाही. सत्तावीस वर्षांच्या सवयीला एका उत्तराने टाळे बसत नाही. पण चढला की ते बाहेर गल्लीत जाऊन उभे राहतात आणि रिकाम्या रिक्षांकडे रागाने पाहतात. त्या रिक्षावाल्यांनी अजून काही लिहिलेले नाही.

गेल्या महिन्यात रात्री दहा वाजता त्यांचा फोन आला. एवढ्या रात्री म्हटल्यावर मी घाबरलोच.

“नवा रिव्ह्यू आलाय,” ते म्हणाले. “आपल्या नव्या पोराचं नाव लिहिलंय त्यात. नावानिशी. पण वेलांटी चुकलीय हो, पहिली पाहिजे तिथं दुसरी दिलीय. ती दुरुस्त करता येते का?”

मी म्हटले, “ज्यानं लिहिलं त्यालाच करता येईल. आपल्याला नाही.”

“मग राहू दे,” ते म्हणाले. “ठेवतो. उस्तादांना फोन लावायचाय, त्यांना वाचून दाखवतो.”